टेकडीखालचा बिल्ला

देवासच्या टेकडीवर जायचं तर चपला खाली ठेवाव्या लागतात. दुकानातला पोरगा जोड उचलतो, फळीवर ठेवतो आणि हातात एक बिल्ला देतो. वर जाऊन बडी माता तुळजाभवानी आणि छोटी माता चामुंडा, दोघींपुढे डोकं टेकवायचं, खाली उतरायचं, बिल्ला द्यायचा, चपला घालायच्या. त्या पोराने तुमचं नाव विचारलेलं नसतं. तुम्ही इंदूरहून आलात की उज्जैनहून, नवस कसला होता, वर कुणासाठी डोळे भरून आले, त्याला काही ठाऊक नसतं. बिल्ला परत गेला, व्यवहार मिटला.

संगणकातली कुकी जन्मली ती अशीच, बिल्ला म्हणून. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या प्रोग्रॅमरने ती बनवली. तोवर वेबसाइटला कुणाची ओळखच राहत नसे. एका पानावर टोपलीत वस्तू टाकावी, दुसरं पान उघडावं, तर टोपली रिकामी. माँटुलीने तोड काढली. वेबसाइटने तुमच्या ब्राउझरच्या हाती एक छोटी चिठ्ठी द्यायची आणि पुढच्या प्रत्येक पानाला ब्राउझरने ती दाखवायची. चिठ्ठी दिसली की टोपली कुणाची ते कळतं. बँकेच्या साइटवर दर क्लिकला पासवर्ड मागितला जात नाही, ते या चिठ्ठीमुळेच.

बिल्ला वाईट नाही. तो परत घेतला जात नाही, हे वाईट आहे.

कुकीला मुदत असते, पण ती ठरवतो बिल्ला देणारा. २०२२पर्यंत क्रोममध्ये या मुदतीला वरची मर्यादाच नव्हती. मग ती घातली गेली, ४०० दिवसांची. म्हणजे या नवरात्रात दिलेला बिल्ला पुढचं नवरात्र उलटून गेलं तरी तुमच्या खिशात. आणि मधे एकदा त्या साइटवर पाऊल टाकलंत, की ती मुदत पुन्हा नव्याने मोजायला घेऊ शकते. चपला कधीच परत मिळाल्या आहेत, बिल्ला मात्र चालूच.

याहून वाईट प्रकार पुढे आहे. समजा, चपलांच्या दुकानाच्या कोपऱ्यात एक तिऱ्हाईत उभा आहे. त्याने तुम्हाला न कळत स्वतःचा बिल्ला तुमच्या खिशात सरकवला. तुम्ही प्रसाद घ्यायला गेलात, तिथेही तोच उभा. औषधाच्या दुकानात गेलात, तिथेही तोच. दर ठिकाणी तो आपला बिल्ला ओळखतो आणि वहीत एक ओळ लिहितो: अमक्या आकड्याच्या माणसाने आत्ता मधुमेहाच्या गोळ्या घेतल्या. याचं नाव थर्ड पार्टी कुकी. तुम्ही उघडता बातमीचं पान, पण त्या पानात जाहिरात कंपन्यांचे तुकडे बसवलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा आपापला बिल्ला ठेवून जातो. रात्री कुणी काळजीने छातीतल्या गाठीबद्दल वाचलं, तर ती काळजी घरातल्या माणसांच्या आधी जाहिरातवाल्याच्या वहीत पोचते.

आम्हा देवासकरांना एका गावात दोन दरबार नवे नाहीत. तुकोजी आणि जिवाजी पवार या दोघा भावांपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदली. दोन गाद्या, दोन राजवाडे, दोन कारभार. पण आपण कुणाच्या हद्दीत उभे आहोत, हे देवासच्या रयतेला विचारून कळत असे. पेशवाईत एका दरबारात दुसऱ्या दरबारांचे वकील आणि अखबारनवीस बसत आणि इथली बातमी तिकडे लिहून पाठवत. हेरगिरीच होती ती, पण यजमानाला अखबारनवीस कुठे बसलाय ते माहीत असे. आज एका वेबपानावर दोन सोडा, कित्येक दरबार भरलेले असतात आणि एकाचीही पाटी दारावर नसते.

या तिऱ्हाइताचा धोका कुणाला आधी कळला नव्हता, असंही नाही. १९९७ साली कुकीचं पहिलं अधिकृत मानक लिहिलं गेलं, त्यातच तिऱ्हाइताची कुकी मुळात बंद ठेवावी असं सांगितलं होतं. तेव्हाच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी ते ऐकलं नाही. ॲपलच्या सफारीने ती दारं पुरती लावली २०२० साली. फायरफॉक्सने २०२२ साली प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली, म्हणजे एका दुकानातला बिल्ला दुसऱ्यात दिसूच नये. क्रोमबद्दल गूगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, दोन वर्षांत तिऱ्हाइताच्या कुकी हद्दपार करू. मग तारीख पुढे गेली, पुन्हा गेली, पुन्हा गेली, आणि एप्रिल २०२५ मध्ये कळलं की त्या राहणार. जाहिरातीवर पोट असलेल्या कंपनीच्या हाती आपल्या दाराची कडी आहे, हे यावरून ओळखावं.

आता परत न घेतलेल्या बिल्ल्याची धारमधली गोष्ट.

भाचीचा परीक्षेचा फॉर्म भरायला तिला घेऊन एका दुकानात गेलो. झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म, सगळं एका गाळ्यात. गर्दी होती म्हणून दुकानदाराने एक संगणक आमच्याकडेच वळवला. भाचीने मेल उघडायला क्लिक केलं, तर पासवर्ड न मागताच मेल उघडलं. तिचं नव्हतंच ते.

"मामा, हे कुणाचं आहे?"

कुणा बाईंचं होतं. वर रुग्णालयाचा रिपोर्ट, खाली बँकेचं पत्र. आम्ही वाचलं नाही, पण दिसायचं ते दिसून गेलं. दुकानदाराला हाक मारली. तो आला, बघितलं आणि अगदी सहज म्हणाला, "अरे भैया, सुबह वाली मैडम का रह गया होगा."

राहिलं असेल. एवढंच. डबा विसरावा तसं एका बाईचं आजारपण आणि बँकेचा पत्रव्यवहार त्या गाळ्यात राहिला होता. दुकानदार लबाड नव्हता, बाई वेंधळ्या नव्हत्या. त्यांनी काम झाल्यावर खिडकी बंद केली होती, चार लोक करतात तशी. खिडकी बंद केली तरी बिल्ला ब्राउझरमध्ये तसाच राहतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्या यंत्राला रोज पन्नास जणांचे हात लागतात, ते यंत्र जे दिसेल ते जपून ठेवायच्या सेटिंगवर चालू होतं. माझा राग त्या सेटिंगवर आहे.

धारमध्ये, देवासमध्ये, बागली-कुक्षीकडच्या गावांत आजही फॉर्म म्हणजे दुकान. मध्य प्रदेशात २००६ साली एमपी ऑनलाइन हे सरकारी सेवांचं पोर्टल सुरू झालं आणि एका अर्जासाठी जिल्ह्याला, भोपाळला मारायच्या चकरा वाचल्या. ही सोय मोठी आहे, मी तिची किंमत ओळखतो. म्हणूनच सामायिक संगणक ही आमच्याकडे चावडीसारखी जागा आहे, आणि चावडीवर कुणाचं कपाट उघडं राहता कामा नये.

यावरचा उपाय आहे, फुकट आहे, आणि त्यासाठी इंजिनिअर लागत नाही.

ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमना एक्स्टेंशन म्हणतात. फायरफॉक्ससाठी पूर्वी 'सेल्फ-डिस्ट्रक्टिंग कुकीज' नावाचं एक होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची रचना बदलली आणि ते चालेनासं झालं. त्याची जागा 'कुकी ऑटोडिलीट'ने घेतली. काम साधं आहे. तुम्ही टॅब बंद केलात की काही सेकंद थांबून त्या साइटच्या कुकी पुसून टाकायच्या. ज्या साइट तुम्हाला खरोखर लक्षात ठेवायला हव्यात, त्यांची नावं तुम्ही पांढऱ्या यादीत घालायची. ब्राउझर बंद होईपर्यंतच हव्या असतील, तर करड्या यादीत. बाकी सगळं पुसलं जाणार. एक मात्र लक्षात ठेवा: बसवल्यावर आपोआप पुसण्याचं बटण आपल्यालाच चालू करावं लागतं. ते राहिलं, तर पहारेकरी नेमून त्याला झोपायला सांगितल्यासारखं होईल.

मला या एक्स्टेंशनमधली सगळ्यात मोलाची वाटते ती ही उलटी मांडणी. आजवर ब्राउझर म्हणत आला, सगळं ठेवतो, नको ते तू शोधून पूस. इथे नियम पुसण्याचा आहे आणि ठेवणं हा अपवाद, तोही तुम्ही नाव घेऊन केलेला. घरात कुणाला ठेवून घ्यायचं ते घरधन्याने ठरवायचं असतं.

पहिले आठ दिवस त्रास होतो, हे लपवत नाही. दर साइट नव्याने लॉगिन मागते. कुकीची परवानगी मागणारी ती पट्टी रोज नव्याने उभी राहते, कारण तुम्ही काल दिलेला नकारसुद्धा एका कुकीतच लिहिलेला असतो, आणि तीही पुसली गेलेली असते. इथे माणूस वैतागतो आणि ती पट्टी आपोआप घालवणारं आणखी एक एक्स्टेंशन शोधतो. इथेच सावध व्हायचं.

'आय डोन्ट केअर अबाउट कुकीज' हे त्या जातीचं फार लोकप्रिय एक्स्टेंशन. पट्टी लपवता आली तर ते लपवतं, नाहीतर सोयीचं पडेल तसं तुमच्या वतीने होकारही देऊन टाकतं. २०२२ साली ते अवास्ट कंपनीने घेतलं. याच अवास्टची जम्पशॉट नावाची उपकंपनी होती. अवास्टच्या अँटिव्हायरसमधून आणि एक्स्टेंशनांमधून गोळा झालेली लोकांच्या ब्राउझिंगची माहिती ती विकत असे. बोभाटा झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती बंद केली गेली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. लोकांनी पाळत थांबवायला जे बसवलं होतं, तेच पाळत ठेवत होतं.

दुसरं उदाहरण 'द ग्रेट सस्पेंडर'चं. न वापरलेले टॅब झोपवणारं साधं, उपयोगी एक्स्टेंशन. मूळ करणाऱ्याने ते २०२० साली दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक म्हणून काढून टाकलं. वापरणाऱ्यांनी काहीच बदललं नव्हतं. मालक बदलला होता.

कुकी पुसणाऱ्या एक्स्टेंशनला तुमच्या सगळ्या कुकी दिसतात, नाहीतर ते पुसणार काय? म्हणजे घराच्या किल्ल्या दिल्या त्याला. म्हणून एक किंवा दोनच ठेवा, ज्यांचा कोड उघडा आहे अशीच ठेवा, ब्राउझरच्या अधिकृत दुकानातूनच घ्या, आणि बनवणारा कोण आहे ते सहा महिन्यांनी पुन्हा बघा. ज्यांना ही जोखीम नको, त्यांनी एक्स्टेंशन न घालता ब्राउझरमधलीच सोय वापरावी. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींत 'बंद करताना साइटचा डेटा पुसा' अशी सेटिंग आहे, आणि अपवादांची यादीही आहे. ती टॅबगणिक पुसत नाही, ब्राउझर बंद झाल्यावर पुसते. घरच्या संगणकाला तेवढं बहुतेक वेळा पुरतं.

मोबाइलवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण आमच्याकडे बहुतेकांचं इंटरनेट म्हणजे मोबाइलच. अँड्रॉइडच्या क्रोमवर एक्स्टेंशन चालत नाहीत. अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवर चालतात.

कुकी पुसल्याने काय होत नाही, तेही नीट समजून घ्या.

बिल्ला फेकून देणं आणि बिल्ला दुकानात परत करणं या दोन गोष्टी आहेत. कुकी पुसली म्हणजे तुमच्याकडचा बिल्ला गेला. दुकानाच्या फळीवर तो आकडा अजून चालू असतो, आणि मधल्या मधे कुणी बिल्ल्याची नक्कल करून ठेवली असेल, तर तिच्यावर चपला निघतात. लॉगआउट केलं की दुकान स्वतः तो आकडा रद्द करतं. म्हणून आधी लॉगआउट, मग पुसणं. दोन्ही.

आणि डाउनलोडचं फोल्डर! कुठलंही कुकीवालं एक्स्टेंशन त्याला हात लावत नाही. त्या धारच्या संगणकावर मी ते उघडलं नाही, पण चिन्ह समोर होतं. आधार, समग्र आयडी, जातीचा दाखला, मार्कशीट, सगळ्यांच्या पीडीएफ अशा फोल्डरांत एकावर एक साठत जातात. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली होती: कॅफेतल्या सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवून घेणं टाळा, घेतलंच तर त्या संगणकावरच्या सगळ्या प्रती कायमच्या पुसा. दोन दिवसांत सरकारने ती सूचना मागे घेतली, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. त्यातलं हे एक वाक्य तेव्हाही खरं होतं, आजही आहे. ते मागे घ्यायचं नव्हतं, प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लावायचं होतं.

टाकाऊ म्हटलेली गोष्ट नष्ट झाली नाही तर काय होतं, ते देवासला शिकवायला नको. आमच्याकडे नोटांचा छापखाना आहे, बँक नोट प्रेस. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या एका अधिकाऱ्याला सीआयएसएफने पकडलं. छपाईत बाद ठरलेल्या पाचशेच्या आणि दोनशेच्या नोटा बुटात लपवून बाहेर नेल्याचा आरोप होता आणि सुमारे ९० लाख रुपये किमतीच्या नोटा सापडल्याच्या बातम्या आल्या. बाद नोटेचं काम संपलेलं असतं, पण तुकडे होईपर्यंत तिची किंमत संपत नाही. वापर संपलेल्या माहितीचंही तेच. म्हणून बाद ठरवणं आणि नष्ट करणं यांच्यात रात्र जाऊ देऊ नये.

आपल्या कायद्यालाही हे तत्त्व मान्य आहे, हे वाचून बरं वाटलं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला २०२३ साली, आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. कायद्यात कुकी हा शब्द नाही. पण त्यात म्हटलंय, संमती मोकळेपणाने दिलेली हवी. ती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की माहिती पुसायला हवी. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायला हवी. म्हणजे धारमधल्या माझ्या बहिणीला ती पट्टी मराठीत मागता येईल, शेजारच्या भाभींना हिंदीत. मुख्य बंधनं लागू व्हायला नियमांनी १८ महिने दिले आहेत.

अठरा महिने दुकानदाराने थांबायची गरज नाही. तीन गोष्टी आजच होऊ शकतात. गिऱ्हाइकासाठी ब्राउझर नेहमी गेस्ट खिडकीत उघडावा, बंद झाली की तिच्यातलं लॉगिन आणि कुकी जातात. गिऱ्हाईक उठलं की डाउनलोडचं फोल्डर त्याच्या डोळ्यांदेखत रिकामं करावं, रिसायकल बिनसकट. व्हॉट्सॲपवर मागवलेल्या कागदांचं चॅट छपाई झाली की पुसावं. जिल्हा प्रशासनाने अशा केंद्रांना परवानगी देताना दरपत्रकाशेजारी या तीन ओळींची पाटी सक्तीची करावी. याला खर्च एका फ्लेक्सचा आहे.

त्या दिवशी धारमध्ये भाचीने आधी त्या बाईंचं खातं लॉगआउट केलं. मग गेस्ट खिडकी उघडून आपला फॉर्म भरला, पावती छापली, आणि उठण्याआधी पीडीएफ पुसली. दुकानदार मागे उभा राहून बघत होता. मी त्याला म्हटलं, रोज हे असंच करत जा. तो म्हणाला, "काका, कैसे किया, एक बार और दिखा दो." भाचीने पुन्हा दाखवलं. तिच्या मागे रांगेत उभी असलेली तिच्याच वयाची एक मुलगी पुढे सरकून बघू लागली. हातात तिची मार्कशीट होती.